ड म्हणजे चार चिमटे

टाचणीला हजेरीपटातल्या नावाने हाक मारणारं घरात कुणीच नव्हतं. बाबांची लाँड्री होती. आलेल्या प्रत्येक कपड्याला नंबराची चिठ्ठी टाचायचं काम ती पाच वर्षांची असल्यापासून तिच्याकडे होतं, म्हणून बाबा तिला टाचणी म्हणायला लागले. पुढे तिची जीभ अशी काही चालू लागली की हे नाव कपड्यांवरून पडलं की बोलण्यावरून, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगता येईना.

शाळा बंद झाली तेव्हा ती सातवीत होती, आणि पुन्हा उघडली तेव्हा नववीत. मधलं दीड वर्ष शाळा फोनमध्ये भरली. गावातलं बाकी सगळं बंद पडलं, पण हॉस्पिटलच्या चादरी काही बंद पडल्या नाहीत. रोज गाठोडी यायची, आणि आई नाकातोंडावर फडकं बांधून ती उकळत्या पाण्यात टाकायची. बाबा इस्त्रीच्या टेबलाशी उभे. टाचणी मागच्या खोलीत धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून वर्ग ऐकायची, तोही दुकानाच्या फोनवर. भूमितीचं प्रमेय अर्ध्यावर आलं की हॉस्पिटलच्या स्टोअरकीपरचा फोन आलाच म्हणून समजा. "साठ चादरी, चाळीस अभ्रे, चारच्या आत पाहिजेत." ती हे लिहून घेईपर्यंत तिकडे प्रमेय सिद्ध होऊन सर पुढच्या पानावर गेलेले असत.

या फोनमधल्या शाळेबद्दल तिचं मत फार चांगलं नव्हतं. भाषेच्या बाई धडा अशा वाचायच्या की जणू पाळण्यात मूल निजवतायत. विज्ञानाचे सर प्रयोग करायचे तो कागदावर चंचुपात्र काढून, आणि वर विचारायचे, "दिसले ना बुडबुडे?" पण या सगळ्यांवर कडी म्हणजे हेडसर. दर सोमवारी सकाळी ते सगळ्या शाळेला उद्देशून भाषण करायचे. मागे पडदा, आणि पडद्यामागून त्यांची बायको दर सोमवारी न चुकता वाकून इकडून तिकडे जायची. "मुलांनो, परिस्थिती कठीण आहे, पण जिद्द सोडू नका. जिद्द हेच तुमचं पुस्तक, जिद्द हीच तुमची शाळा." टाचणीने एकदा मोजलं तर वीस मिनिटांत एकोणीस वेळा जिद्द निघाली. तिने आईला सांगितलं, "ज्याच्याकडे आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याच्याकडे नाही त्याला सांगून येत नाही. मग हा माणूस सांगतोय कुणाला?"

"मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये," आई म्हणाली. पण ती फडक्याआड हसत होती.

परीक्षाही फोनवरच झाली. प्रश्नाखाली अ, ब, क, ड असे चार पर्याय, बरोबर असेल त्यावर बोट ठेवायचं, आणि कॅमेरा सुरू ठेवायचा म्हणजे कुणी लबाडी करायची नाही. परीक्षेच्या आदल्याच दिवशी वर्गातल्या मुलांचा एक वेगळा ग्रुप निघाला, आणि पेपर सुरू झाल्यावर सातव्या मिनिटाला त्यावर सगळी उत्तरं आली. ती टाचणीच्या फोनवरही आली. नाही कशाला म्हणा, समोर आयती वाढून ठेवलेली होती. ती तिने वाचलीसुद्धा. त्यात अकराव्या प्रश्नाचं उत्तर चुकलेलं तिला स्पष्ट दिसत होतं, आणि इतर बारा-पंधरा प्रश्न तर तिला कळतही नव्हते. तरी तिने ग्रुप बंद केला आणि जे आलं ते लिहिलं.

"सगळेच बघून लिहितात म्हणे," बाबा नंतर जरा चाचरतच म्हणाले. "तू पण..."

"सगळे नाक शिंकरून भिंतीला पुसतात. मी पण पुसू?"

हा काही प्रामाणिकपणा नव्हता, हे इथे सांगून टाकलेलं बरं. प्रामाणिकपणाशी टाचणीचं फारसं जमायचं नाही. हॉस्पिटलचे हरवलेले अभ्रे तिने कितीतरी वेळा स्टोअरकीपरच्याच माथी मारले होते. तिला एवढंच वाटलं होतं की या लोकांची उत्तरं मी लिहू? यांची? त्यापेक्षा नापास झालेलं परवडलं.

नापास झाली नाही, पण शंभरात एक्केचाळीस पडले. वर्गात शेवटून दुसरा नंबर. शेवटचा नंबर ज्या मुलाचा, त्याचा फोन पेपरच्या वेळी पाण्यात पडला होता.

पहिला नंबर आला छकुलीचा. छकुली म्हणजे टाचणीची चुलत बहीण, एकाच वर्गात, एकाच वयाची. चौदाव्या वर्षीही काकू तिला चारचौघांत छकुली म्हणायची, आणि छकुलीही ओ द्यायची. काका विमा कंपनीत. तिसऱ्या मजल्यावर घर, छकुलीला वेगळी खोली, वेगळा संगणक, वेगळा दिवा. निकाल लागला त्या दिवशी काकू मुद्दाम लाँड्रीवर आली. हॉस्पिटलच्या चादरी म्हणून आत पाऊल टाकायची नाही. बाहेरच्या पायरीवर नाकाला रुमाल लावून उभी राहिली.

"आमच्या छकुलीला अठ्ठ्याण्णव. दोन कुठे गेले कुणास ठाऊक!"

"शोधा की," टाचणी आतून म्हणाली. "टेबलाखाली पडले असतील."

काकूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. टाचणीला वाटलं, बोलणं फारच झोंबलेलं दिसतंय. काकू एरवी उलट उत्तर दिल्याशिवाय जाणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी ती, गॅसवर दूध आहे, एवढंच बोलून निघून गेली.

मग शाळा उघडली. भिंतींना नवा रंग दिला होता आणि फाटकावर कापडी फलक होता: "आम्ही हरलो नाही." टाचणीने तो वाचला आणि कुणाशी खेळत होतो ते लिहायचं राहिलं, असं शेजारणीला सांगितलं. शेजारीण हसली नाही. दीड वर्षात मुलं हसायचं कुठे ते विसरली होती की काय, देव जाणे. बाकांवर एक सोडून एक बसली होती, आणि गुरुजनांनी काही विचारलं की आपला आवाज बंद आहे असं समजून नुसती बघत राहायची.

तिसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनी काही न सांगता सवरता वीस गुणांची चाचणी घेतली. कागद, पेन आणि फळ्यावर दहा गणितं. सगळी आठवीची. सर हडकुळे, बोलणं पुटपुटल्यासारखं. टाचणीच्या हिशेबात तेही फोनमधल्या त्या नगांपैकीच एक होते. वर्गात अशी शांतता पसरली की बाहेर शिपाई झाडतोय तो खराटा ऐकू येत होता. टाचणीच्या दोन बाकं पुढे छकुली बसली होती. तिचा पाय एकसारखा हलत होता, आणि दर दोन मिनिटांनी ती मान वाकवून बाकाखाली बघत होती. टाचणीने पाहिलं, बाकाखाली काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तपासलेले पेपर ज्याचे त्याला वाटले. नावं वाचली नाहीत, एवढंच म्हणाले, "त्रेचाळीस जणांपैकी सहा जणांना दहाच्या वर आहेत." टाचणीला पंधरा होते. तिने ते तीनदा पाहिले. गठ्ठ्यांवर बसून, साठ चादरी आणि चाळीस अभ्र्यांच्या मधून मधून जे काही गोळा केलं होतं, त्याचे हे पंधरा होते. पुढच्या बाकावर छकुलीने पेपर घडी घालून दप्तराच्या तळाशी सारला. पण मुलांची नजर घारीची. मधल्या सुट्टीच्या आत वर्गभर झालं की अठ्ठ्याण्णववालीला वीसपैकी दोन.

मधली सुट्टी संपली आणि हेडसर वर्गात आले.

"मुलांनो, काल एक चाचणी झाली असं कळलं. ती चाचणी झालेली नाही."

वर्ग बघत राहिला.

"म्हणजे ती धरायची नाही. तुम्ही अजून भेदरलेले आहात, तुमच्यावर दडपण नको. शनिवारी संस्थेचे अध्यक्ष येत आहेत. आपल्या गुणवंत विद्यार्थ्याला जिद्दीची ढाल द्यायची आहे. अशा वेळी भलतेसलते कागद घरोघर फिरायला नकोत. सर, पेपर गोळा करा."

गणिताचे सर क्षणभर उभे राहिले. टाचणीला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. सर "बरं" म्हणाले आणि बाकाबाकावरून पेपर गोळा करत फिरले. टाचणीने आपला सगळ्यात शेवटी दिला.

"घ्या. न झालेल्या चाचणीचे पंधरा."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, पेपर गठ्ठ्यात ठेवला आणि गठ्ठा हेडसरांच्या हातात दिला. घरी आल्यावर टाचणी आईला म्हणाली, "माणूस छत्री विसरतो, डबा विसरतो. आमचे सर पाठीचा कणाच घरी विसरून येतात."

शनिवारी तिने पोट दुखतंय असं सांगितलं. बाबांनी एका शब्दाने विचारलं नाही, कारण दोनशे चादरी पडल्या होत्या. साडेनऊच्या सुमाराला ती धुतलेले गठ्ठे आणायला मागच्या खोलीत गेली, तर गठ्ठ्यांच्या मागे काहीतरी हललं. तिला वाटलं मांजर. ती छकुली होती. कडक इस्त्रीचा गणवेश, दोन वेण्या, वेण्यांना नव्या रिबिनी, आणि रडून रडून नाक टोमॅटोसारखं लाल.

"इथे काय करतेस? ढाल तिकडे मिळणार आहे."

"मी जाणार नाही."

"का? जड आहे म्हणून?"

छकुली एकदम म्हणाली, "अध्यक्ष तोंडी गणित घालतात. दर वर्षी. स्टेजवर. हेडसर काल आईला सांगत होते की तयारी करून घ्या. आईने रात्री पाढे घेतले. मला बाराचा पाढा येत नाही. मला सातचा पण आठाच्या पुढे येत नाही."

"अठ्ठ्याण्णव कसे पडले मग?"

"आई खाली बसायची."

"कुठे खाली?"

"टेबलाखाली. पुस्तक घेऊन. मी प्रश्न मोठ्याने वाचायचे, सर म्हणायचे वाचलेला चालतो. मग ती पोटरीला चिमटा काढायची. अ असेल तर एक, ब असेल तर दोन."

"ड ला चार?"

छकुलीने मान हलवली. मोजा खाली सरकवून पोटरी दाखवली. आता तिथे काही नव्हतं, पण ती अशी दाखवत होती की जणू अजून निळं दिसतंय.

टाचणीला हसू फुटलं. ते थांबवता येईना. ती गठ्ठ्यावर बसली आणि पोट धरून हसली. पहिला नंबर! दीड वर्ष ही मुलगी आपल्यापेक्षा वरचढ आहे असं मानून तिने मनातल्या मनात तिला किती शिव्या घातल्या होत्या, आणि ही तर कळसूत्री बाहुलीपेक्षाही गेलेली. बाहुलीला निदान दोरी वरून असते. "आणि काकू," ती म्हणाली, "काकू अडीच तास टेबलाखाली! त्या अंगाने!"

"तिचे गुडघे गेलेत," छकुली म्हणाली. "जिना चढता येत नाही. बाबांना सांगते की हवा बदलली." आणि ती पुन्हा रडायला लागली. पण टाचणीच्या हसण्यामुळे नाही. "चाचणीत मी वाट बघत होते गं. मला माहीत होतं की खाली कुणी नाही. तरी मी वाट बघत होते."

टाचणीचं हसणं तिथे तुटलं. चाचणीतल्या त्या हलणाऱ्या पायाची तिने वर्गात शेजारणीला नक्कल करून दाखवली होती.

एवढ्यात बाहेरून काकूचा आवाज आला. या खेपेला ती पायरीवर थांबली नाही. रेशमी साडी, नाकाला रुमाल, तशीच आत शिरली. बाबा इस्त्री धरून बघत राहिले.

"छकुली! दहा वाजत आले! ऊठ!" आणि मग टाचणीकडे वळून, "हे तुझंच काम. तूच भरवलंस तिच्या डोक्यात. जळतेस तू तिच्यावर. एक्केचाळीस गुणांची पोर, तू काय..."

"काकू," टाचणी म्हणाली, "ड ला चारच ना? की घाईत कधी तीनवर थांबायचात? दोन गुण तिथेच गेले असतील."

काकूने बाबांकडे पाहिलं, बाबांनी इस्त्रीकडे. इस्त्रीखालच्या अभ्र्याला जळका वास येऊ लागला होता.

"सगळ्याच करत होत्या," काकू अखेर म्हणाली. आवाज खाली आला होता. "एकजात सगळ्या. कुणी पडद्यामागे, कुणी कपाटाआड. मी एकटीने केलं नसतं तर पोर मागे पडली असती."

"आता कुठे पडलीय?"

काकूने गठ्ठ्यांमागे पाहिलं. कडक गणवेशातली मुलगी हॉस्पिटलच्या चादरीत तोंड खुपसून बसली होती. मग तिने साडीचा पदर सारखा केला आणि ती एकटीच निघून गेली. पायरी उतरताना तिने भिंतीला हात धरला.

पुढे शाळेत काय झालं ते टाचणीला सोमवारी कळलं. काकूने जाऊन सांगितलं की छकुलीला ताप आहे. अध्यक्ष म्हणाले, हरकत नाही, मातेच्या हातीच देऊ. हेडसरांनी जिद्दीवर भाषण केलं. मग अध्यक्षांना आपली खोड आवरली नाही. त्यांनी ढाल हातात धरूनच विचारलं, "काय हो ताई, सतरा सक किती?" काकू क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "एकशे दोन." "आणि चारशे शहाण्णवचा आठवा भाग?" "बासष्ट." टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष म्हणाले, आईच अशी असेल तर मुलगी काय असेल! टाचणीने हे ऐकलं आणि तिला त्या शाळेबद्दल आयुष्यात पहिल्यांदा समाधान वाटलं. आठवीचा अभ्यास ज्या विद्यार्थिनीने दीड वर्ष मान मोडून केला होता, ढाल तिलाच मिळाली होती.

त्याच संध्याकाळी छकुली वही घेऊन लाँड्रीवर आली.

"मला शिकव."

"तुझी शिकवणी लाव ना. काका लावतील."

"शिकवणीवाल्यांना सांगायला लागेल की मला काय काय येत नाही. तुला माहीतच आहे."

या उत्तरात टाचणीला पहिल्यांदा थोडी अक्कल दिसली. तिने शिकवायचं कबूल केलं, पण दोन अटींवर. उगीच आभार मानायचे नाहीत, आणि रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडायचं. दोन्ही अटी छकुलीने पाळल्या. दुसरी पाळायला तिला पहिल्या आठवड्यात चारदा बाहेर जावं लागलं, कारण टाचणीची शिकवायची पद्धत साधी होती: आधी अपमान, मग गणित. "हे काय लिहिलंयस? सात अधिक पाऊण म्हणजे पावणेसात? म्हणजे पैसे द्यायला गेलीस की दुकानदार तुलाच सुट्टे देणार." मुलगी कान लाल करून खोडायची आणि पुन्हा लिहायची. चुकली तर पुन्हा. अपूर्णांक तिला टाचणीने चादरीच्या घड्या घालून शिकवले. एक घडी, अर्धी. दोन घड्या, पाव. तीन घड्या, अर्धपाव. बाबा म्हणाले, चादरी मळवू नका, एवढंच.

अडलं ते भागाकाराशी. "तीन भागिले पाव," टाचणी म्हणाली, "म्हणजे पाव उलटा करायचा आणि गुणायचं. बारा."

"उलटा का करायचा?"

"करायचा असतो."

"पण का?"

टाचणीला माहीत नव्हतं. तिलाही कुणीतरी फोनमधून "करायचा असतो" असंच सांगितलं होतं, आणि त्याच वेळी बहुधा स्टोअरकीपरचा फोन आला असावा. दोन बोटांवर मोजता न येणाऱ्या या मुलीने आपल्याला अडवावं, हे तिला रात्रभर खात राहिलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती नाक वर करूनच गणिताच्या सरांकडे गेली. सर शिक्षकांच्या खोलीत एकटेच खडूचे तुकडे डब्यात भरत होते.

"सर, भागताना अपूर्णांक उलटा का करतात?"

सरांनी डबा ठेवला. "तुमची लाँड्री आहे ना? तुझ्याकडे तीन जुन्या चादरी आहेत. प्रत्येकीचे चार चार सारखे फडके फाडायचे. फडकं म्हणजे पाव चादर. किती फडके?"

"बारा."

"मग तीनमध्ये पाव किती वेळा बसला? प्रत्येकीत चार वेळा. म्हणून चारने गुणायचं. उलटंबिलटं काही नाही, फक्त मोजणं."

इतकं सोपं होतं. आठवीभर त्यांच्याकडून हे ऐकायला मिळालं नाही, म्हणून तिला रागच आला.

"तुम्हाला इतकं येतं तर पेपर का देऊन टाकलेत त्यांना?"

"भित्रा आहे म्हणून," सर म्हणाले. जणू वेळ विचारली होती. मग डबा पुन्हा उचलत, "तुला आठवतं, मागच्या वर्षी एकदा मी सबंध तास आवाज बंद ठेवून शिकवलं होतं?"

टाचणीला चांगलंच आठवत होतं. सरांचं तोंड माशासारखं उघडत मिटत होतं, हात वाऱ्यात आकृत्या काढत होते. ती गठ्ठ्यांवर लोळत चाळीस मिनिटं ते बघत बसली होती, आणि नंतर आईला करून दाखवलं होतं.

"दहाव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं," सर म्हणाले. "बटण दाबणार होतो. मग म्हटलं, बघू या, कुणी सांगतं का. त्रेचाळीस जण हजर होते. तास संपला, सगळे 'धन्यवाद सर' लिहून गेले. तेव्हापासून मीही कुणाला फारसं काही सांगायच्या भानगडीत पडत नाही." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "चूक माझीच. पण तसं झालं खरं."

त्या त्रेचाळिसांमधली टाचणी एक होती, आणि तिने तर धन्यवादही लिहिलं नव्हतं. हेडसरांच्या हातात पेपर देणाऱ्या या माणसाला तिने बिनकण्याचा म्हटलं होतं. तिला स्वतःला तर नुसतं "सर, आवाज येत नाही" एवढे चार शब्द लिहायचे होते.

"येते सर," ती म्हणाली. दारापर्यंत जाऊन परत वळली. "काल तुम्ही फळ्यावर सोळाचं वर्गमूळ आठ लिहिलं होतं. कुणी सांगितलं नाही, म्हणून सांगते."

सर हसले. त्यांना हसताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. दात खराब होते.

यानंतर टाचणी सुधारली वगैरे म्हणाल तर तसं काही झालं नाही. हेडसरांबद्दलचं तिचं मत होतं तेच राहिलं. फाटकावरचा फलक एका वादळात अर्धा फाटला आणि "आम्ही हर" एवढाच उरला, तेव्हा ती दोन दिवस खुशीत होती. छकुलीलाही ती पूर्वीसारखीच बोलायची. फरक एवढाच की कधीकधी ती मधेच थांबायची आणि विचारायची, "कळलं का? नसेल तर सांग. मान हलवू नकोस, तोंडाने सांग."

सहामाही परीक्षा झाली, या खेपेला कागदावर. टाचणीला एकोणसत्तर पडले, छकुलीला अडतीस. काकूने इमारतीत सांगितलं की पेपर चुकीचे तपासलेत, आणि दोन दिवस दार लावून बसली. ढाल दिवाणखान्यातून आतल्या खोलीत गेली. छकुलीने मात्र अडतीसचा पेपर दुमडला नाही. लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला उघडा ठेवला आणि चुकलेली गणितं वहीत उतरवून घ्यायला लागली.

तिसऱ्या दिवशी काकू आली. छकुलीला न्यायला आली असं म्हणाली. बाहेरच्याच पायरीवर, भिंतीला टेकून, गुडघ्यावर हात. रुमाल मात्र आज नाकाला नव्हता. आत छकुली एका गणिताशी झटत होती: एका संख्येच्या पाऊणपटीत सहा मिळवले की चोवीस होतात, तर ती संख्या कोणती?

"साडेतेरा," छकुली म्हणाली.

"साडेतेराची पाऊणपट आणि वर सहा, चोवीस होतात?" टाचणी म्हणाली. "कुठल्या देशात?"

पायरीवरून काकूला राहवलं नाही. "अगं, चोवीसातून सहा गेले ते बरोबर, पण पुढे..."

"आई," छकुली वहीतून मान वर न करता म्हणाली, "सांगू नकोस."

या मुलीने काकूला आजवर काही करू नकोस असं म्हटलेलं नव्हतं. टाचणीकडे या प्रसंगाला साजेसं एक वाक्य तयार होतं, अगदी धार लावून. तिने ते गिळलं आणि कपड्यांना चिठ्ठ्या टाचायला घेतल्या. अठरा शर्ट झाले. आत आई चादरी पिळत होती, बाहेर काकू ओठ दाबून उभी होती, आणि मधे छकुली खोडत होती, लिहीत होती, पुन्हा खोडत होती. शेवटी तिने पेन खाली ठेवलं.

"चाळीस."

अपूर्णांक या वेळी नीट फिरवला होता, पण सहा वजा करायचे ते मिळवून बसली होती. पायरीवर काकूने कपाळाला हात लावला, पण शब्द काढला नाही.

टाचणीने एकोणिसावा शर्ट उचलला.

"पुन्हा," ती म्हणाली.

छकुलीने नवं पान उलटलं.